तीन देश, एक नकाशा: उत्तर अमेरिकेच्या पायाभूत नकाशा-डेटावर काम सुरू करताना

सरकारी नकाशा आपल्या सीमेपर्यंत चोख असतो आणि सीमेपाशी संपतो. कॅनडाचा, अमेरिकेचा आणि मेक्सिकोचा असे तीन राष्ट्रीय नकाशे शेजारी शेजारी लावून खंडाचा एक नकाशा करायला बसलात की लगेच अडचणी दिसू लागतात. सीमेवरची नदी एका नकाशात थोडी उत्तरेला आणि दुसऱ्यात थोडी दक्षिणेला असते. एका देशात ज्याला मुख्य रस्ता म्हणतात तो शेजारच्या देशात दुय्यम ठरतो. एकाने लहान तळीही दाखवलेली असतात, दुसऱ्याने फक्त मोठी सरोवरे. असा जोडलेला नकाशा लांबून बरा दिसतो, पण त्यावरून मोजमाप करायला गेले की सीमेपाशी आकडे भलतेच येतात.

ही अडचण सोडवण्यासाठी तिन्ही देशांच्या नकाशा-संस्था एकत्र आल्या. कॅनडाचे नॅचरल रिसोर्सेस कॅनडा हे खाते, अमेरिकेचा १८७९ मध्ये स्थापन झालेला यूएस जिऑलॉजिकल सर्व्हे आणि मेक्सिकोची सांख्यिकी व भूगोल संस्था इनेही यांनी मिळून उत्तर अमेरिकेचा एकसमान पायाभूत नकाशा-डेटा तयार केला. राजकीय सीमा, वस्त्या, रस्ते, रेल्वे, नद्या व सरोवरे, हिमनद्या, सागरी बर्फ आणि समुद्रतळाची खोली असे त्याचे थर आहेत. मोंट्रियलमधील कमिशन फॉर एन्व्हायर्न्मेंटल को-ऑपरेशन ही तिन्ही देशांची संस्था १९९४ च्या पर्यावरण-सहकार्य करारातून उभी राहिली. तिच्या पर्यावरण अ‍ॅटलासमध्ये हे थर मिळतात. त्याच चौकटीत बसणारे भूआच्छादन (जमिनीवर जंगल, शेत, शहर असे काय आहे ते), पाणलोट क्षेत्रे आणि परिसंस्था-प्रदेश यांचे नकाशेही तिथेच आहेत.

हा लेख अशा वाचकासाठी आहे, ज्याने क्यूजीआयएस या नकाशा-डेटा हाताळणाऱ्या किंवा तशा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी फाइल उघडून पाहिली आहे, पण खंडाच्या पातळीवर काम केलेले नाही. सॉफ्टवेअरमध्ये कोणते बटण कुठे आहे ते हल्ली चटकन सापडते. आकडा चुकला आहे हे कशावरून ओळखायचे, ते मात्र सहजासहजी सापडत नाही. म्हणून माझा भर त्यावर राहील.

पहिली पायरी: प्रमाण समजून घ्या

हा डेटा एकास एक कोटी या प्रमाणाचा आहे. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर दहा किलोमीटर. छापील नकाशावर साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची रेषा नीट दिसते. जमिनीवर ती जाडी दोन किलोमीटर होते. त्यामुळे या थरातली नदी, रस्ता किंवा सीमा एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे असली, तर ती चूक मानू नये. त्या प्रमाणाची ती स्वाभाविक मर्यादा आहे.

संगणकाच्या पडद्यावर हे लक्षात राहत नाही, कारण पडदा कितीही जवळ जाऊ देतो. झूम करत करत तुम्ही एखाद्या शहराच्या वेशीपाशी पोहोचता आणि तिथे महामार्ग सरोवरातून जाताना दिसतो. अशा वेळी डेटाला दोष देऊ नका. ज्या अंतरावरून पाहण्यासाठी तो बनवला आहे त्याच्या कितीतरी आत तुम्ही शिरला आहात. मी तर नवख्यांना सांगतो की काम सुरू करतानाच थराच्या गुणधर्मांत दृश्यतेची मर्यादा घालून ठेवा: समजा, एकास वीस लाखांपेक्षा जवळ गेल्यास थर दिसूच नये.

प्रमाणाचा परिणाम लांबीवर सर्वांत जास्त होतो. असा लघुप्रमाण, म्हणजे मोठा भूभाग खूप लहान करून दाखवणारा, नकाशा बनवताना नदीची छोटी वळणे गाळतात, किनाऱ्यावरच्या लहान खाड्या पुसतात, म्हणून लांबी कमी भरते. कॅनडाच्या किनारपट्टीची लांबी एका संदर्भात २,०२,०८० किलोमीटर दिलेली असते आणि दुसऱ्यात २,४३,०४२ किलोमीटर. दोन्ही आकडे जबाबदार सरकारी संस्थांचे आहेत, फरक मोजण्याच्या बारकाईचा आहे. एकास एक कोटीच्या थरावर तुम्ही किनारा मोजलात तर या दोन्हींपेक्षा खूपच लहान आकडा येईल. म्हणून या डेटावरून नदीची किंवा किनाऱ्याची लांबी सांगू नका. क्षेत्रफळ, वाटा, घनता, शेजार हे प्रश्न त्याला विचारा. मोठ्या क्षेत्रावर वळणांची वजाबाकी आणि बेरीज बरीचशी एकमेकांना छेदते आणि उत्तर विश्वासार्ह येते.

दुसरी पायरी: फाइली आणा आणि उघडण्यापूर्वी पाहा

थर झिप स्वरूपात उतरतात. शेपफाइल म्हणजे एक फाइल नसते, तो एकाच नावाच्या फाइलींचा संच असतो: आकार एसएचपीमध्ये, त्यांची सूची एसएचएक्समध्ये, माहितीचा तक्ता डीबीएफमध्ये आणि प्रक्षेपणाचे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या रीतीचे, वर्णन पीआरजेमध्ये. यातली फक्त एसएचपी उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली की काम अडते. मूळ झिप तशीच एका फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि कामासाठी प्रत काढा. त्या प्रतीचे जिओपॅकेज करून घ्या. शेपफाइलच्या तक्त्यात रकान्याचे नाव दहा अक्षरांपुढे जात नाही, जिओपॅकेजला ती अट नाही आणि सगळे थर एकाच फाइलीत राहतात.

सोबतची मेटाडेटा फाइल वाचा. लोक ती वाचत नाहीत आणि मग सगळे प्रश्न दुसऱ्यांना विचारतात. त्यात थराचे प्रमाण, साल, प्रक्षेपण, रकान्यांचे अर्थ आणि वापराच्या अटी असतात. सालाकडे नीट लक्ष द्या, कारण राजकीय नकाशा स्थिर नसतो. कॅनडात १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा नवा प्रदेश झाला. तुमच्या फाइलीत बॅफिन बेट वायव्य प्रदेशांत दिसत असेल तर ती फाइल त्याआधीची आहे. मेक्सिको सिटीचे अधिकृत नाव २०१६ पर्यंत डिस्त्रितो फेदेराल होते. न्यूफाउंडलंड प्रांताच्या नावात लॅब्राडोर २००१ मध्ये जोडले गेले. या तीन खुणांवरून कोणत्याही उत्तर अमेरिकी राजकीय थराचे वय बऱ्यापैकी ओळखता येते.

तिसरी पायरी: प्रक्षेपण

इथे थोडे थांबू, कारण नवख्यांचे बहुतेक चुकीचे आकडे इथूनच निघतात.

ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, मेक्सिकोचे सुमारे १९.६ लाख. म्हणजे दोघे जवळपास सारखे. पण वेबवरच्या नेहमीच्या मर्केटर नकाशावर ग्रीनलंड अवाढव्य दिसते आणि मेक्सिको त्याच्यापुढे चिमुकले. ७२ अंश उत्तरेला मर्केटर क्षेत्रफळ साधारण साडेदहा पट फुगवतो, तर २३ अंशावर जेमतेम १.२ पट. रंग भरून तुलना दाखवणारा नकाशा अशा प्रक्षेपणावर काढलात, तर वाचकाचा डोळा सगळे महत्त्व आर्क्टिकला देणार. तुम्ही खाली कितीही टिपा द्या, उपयोग होत नाही.

म्हणून या डेटासाठी लँबर्टचे दिगंशीय समक्षेत्र प्रक्षेपण निवडले आहे. त्याचा मध्य ४५ अंश उत्तर अक्षांश आणि १०० अंश पश्चिम रेखांश, म्हणजे साधारण दक्षिण डकोटात. पृथ्वी ६३,७०,९९७ मीटर त्रिज्येचा गोल मानली आहे, एकक मीटर. समक्षेत्र म्हणजे खंडाच्या कुठल्याही कोपऱ्यातला एक चौरस सेंटिमीटर जमिनीवरचे तेवढेच क्षेत्रफळ दाखवतो. आकार मात्र कडेला थोडे ताणले जातात. याचा आणखी एक फायदा आहे. अलास्काची अल्युशियन बेटे १८० अंशाचे रेखावृत्त ओलांडतात. साध्या अक्षांश-रेखांशाच्या नकाशात त्यातली पश्चिमेकडची बेटे उडून उजव्या कडेला जातात आणि सगळा नकाशा पृथ्वीच्या रुंदीइतका पसरतो. या प्रक्षेपणात ती आपल्या साखळीत राहतात.

आता सॉफ्टवेअरमधली खरी ग्यानबाची मेख. क्यूजीआयएसमध्ये तुम्ही पहिला थर टाकता तेव्हा प्रकल्पाचे प्रक्षेपण त्या थरावरून ठरते. पुढचे थर वेगळ्या प्रक्षेपणात असले तरी पडद्यावर जागच्या जागी वळवून दाखवले जातात. सगळे एकमेकांवर बरोबर बसलेले दिसते. पण फाइली आतून अजून वेगवेगळ्याच असतात. म्हणून विश्लेषण करण्यापूर्वी प्रत्येक थर ‘रीप्रोजेक्ट’ करून नव्या फाइलीत जतन करा. ‘सेट लेयर सीआरएस’ (सीआरएस म्हणजे थराची निर्देशांक-पद्धत) हा पर्याय त्यासाठी नाही. तो आकडे बदलत नाही, फक्त त्यांच्यावरची चिठ्ठी बदलतो. अंशांमधल्या थरावर ‘मीटर’ अशी चिठ्ठी लावली की सगळे खंड मध्यबिंदूपाशी, दक्षिण डकोटात, शेदोनशे मीटरच्या ठिपक्यात गोळा होते. तुमचा थर अचानक दिसेनासा झाला तर सर्वांत आधी हे तपासा.

गोलाचाही एक फास आहे. तुमचा बाकीचा डेटा बहुधा डब्ल्यूजीएस ८४ किंवा एनएडी ८३ या संदर्भ-पद्धतींवर असेल, म्हणजे चपट्या लंबगोलावर. गोलावरचा आणि लंबगोलावरचा अक्षांश सॉफ्टवेअरने एकच मानला तर सगळे जुळते. त्याने दोन्हींमध्ये भूकेंद्रीय, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून मोजून केलेले, रूपांतर केले, तर मध्य अक्षांशांवर सुमारे ०.१९ अंश, म्हणजे वीसेक किलोमीटरचा फरक पडतो. एकास एक कोटीवर हे दोन मिलिमीटर आहेत, उघड्या डोळ्यांना दिसतात. एखादा थर उत्तर-दक्षिण दिशेने इतक्या अंतराने सरकलेला दिसला, तर कारण हेच असते. रूपांतराच्या यादीत दुसरा पर्याय निवडा.

४९ अंशांची कसोटी

सगळे नीट बसले आहे का हे पाहायला या खंडाने आपल्याला एक उत्तम पट्टी दिली आहे. लेक ऑफ द वुड्सपासून पॅसिफिकपर्यंत कॅनडा-अमेरिका सीमा ४९ अंश उत्तर अक्षांशावरून जाते. प्रत्यक्ष जमिनीवर ती खुणेच्या खांबांनुसार काही ठिकाणी शेदोनशे मीटर इकडेतिकडे आहे, पण आपल्या प्रमाणावर ती अक्षांशाशी तंतोतंत जुळायला हवी.

हे करून पाहा. ९५ अंश पश्चिम ते १२३ अंश पश्चिम अशी ४९ अंशांवर एक रेषा काढा, फक्त दोन टोके देऊन, अक्षांश-रेखांशाच्या थरात. ती वर सांगितलेल्या प्रक्षेपणात आणा. ती सरळ रेषा होईल आणि मध्यभागी सीमेपासून सुमारे ९० किलोमीटर उत्तरेला, कॅनडात शिरलेली दिसेल. कागदावर नऊ मिलिमीटर! आता त्याच रेषेवर मूळ थरातच दर अर्ध्या अंशावर बिंदू घाला, क्यूजीआयएसमध्ये त्यासाठी ‘डेन्सिफाय’ नावाची साधने आहेत, आणि मग प्रक्षेपण बदला. रेषा वाकते आणि सीमेवर चपखल बसते.

या छोट्या प्रयोगातून दोन गोष्टी कळतात. सॉफ्टवेअर फक्त बिंदू हलवते, बिंदूंमधली रेषा नाही. आणि दुसऱ्या कुठून आणलेल्या थरात सरळ कडा असतील, जसे आयताकृती अभ्यास-क्षेत्र, कोलोरॅडो किंवा वायोमिंगसारखी चौकोनी राज्ये, तर त्यात पुरेसे बिंदू आहेत की नाही हे आधी पाहावे लागते.

त्याच रेषेच्या पूर्व टोकाला नॉर्थवेस्ट अँगल आहे. मिनेसोटाचा हा तुकडा लेक ऑफ द वुड्सच्या पलीकडे, ४९ अंशांच्या उत्तरेला, कॅनडाच्या मॅनिटोबाला लागून आहे. नकाशा हलका व्हावा म्हणून तुम्ही सीमा आणखी सुलभ केलीत की सर्वांत आधी असेच तुकडे गळतात. माझे मत असे की हा डेटा आधीच भरपूर सुलभ केलेला आहे, त्यावर पुन्हा ‘सिम्प्लिफाय’ चालवू नये. तसे केल्याने शेजारच्या राज्यांच्या सामाईक कडा वेगवेगळ्या पद्धतीने छाटल्या जाऊन मध्ये भेगा पडतात, आणि जो एकसंधपणा मिळवायला तीन संस्थांनी मेहनत घेतली तोच जातो.

चौथी पायरी: तक्ता, नावे आणि संकेतांक

थर उघडला की तक्ताही उघडा. क्वेबेक, मेरिदा, केरेतारो या नावांमध्ये स्वरचिन्हे असलेली अक्षरे येतात. तिथे चित्रविचित्र खुणा दिसत असतील तर थराच्या स्रोताच्या पानावर अक्षरसंकेतन (अक्षरे साठवण्याची पद्धत) बदलून यूटीएफ-८ किंवा लॅटिन-१ करून पाहा. हे आधी करा. नंतर जतन केलेल्या फाइलीत त्या खुणा कायमच्या गोठतात.

तुम्हाला या नकाशावर बहुधा स्वतःची आकडेवारी चढवायची असेल: लोकसंख्या, जंगल, पीक. तिथे जोडणी नावावरून करू नका. मेक्सिकोतल्या एकाच राज्याला एका तक्त्यात कोआविला आणि दुसऱ्यात कोआविला दे सारागोसा म्हटलेले असते. मिचोआकान आणि मिचोआकान दे ओकाम्पो हेही तसेच. संगणकाला ही वेगळी नावे वाटतात आणि ती राज्ये नकाशावर पांढरी राहतात.

संकेतांकांवरून जोडा, पण देशासह. तिन्ही देशांनी आपापल्या राज्यांना दोन अंकी क्रमांक दिले आहेत आणि ते एकमेकांशी भिडतात. १० हा क्रमांक कॅनडात न्यूफाउंडलंड व लॅब्राडोरचा, अमेरिकेत डेलावेअरचा आणि मेक्सिकोत दुरांगोचा आहे. नुसत्या १० वरून जोडलेत तर सॉफ्टवेअर कुरकुर न करता डेलावेअरचा आकडा दुरांगोला देईल. शिवाय ०१ मधले शून्य जपायचे असेल तर रकाना मजकूर प्रकारचा ठेवा. स्प्रेडशीटमध्ये एकदा उघडून जतन केले की ते शून्य नाहीसे होते. देशाची दोन अक्षरे आणि पुढे क्रमांक असा नवा रकाना बनवून त्यावरून जोडणे सर्वांत निर्धोक. जोडल्यावर लगेच मोजा: मेक्सिकोची ३२ संघराज्य-एकके, अमेरिकेची ५० राज्ये आणि कोलंबिया जिल्हा, कॅनडाचे १० प्रांत आणि ३ प्रदेश. एकूण ९६. एका राज्याचे अनेक तुकडे वेगवेगळ्या ओळींत असतील तर आधी ‘डिझॉल्व्ह’ करून ते एका ओळीत आणावे लागतील, नाहीतर हवाई किंवा ब्रिटिश कोलंबियाची लोकसंख्या बेटागणिक पुन्हा पुन्हा मोजली जाईल.

पाचवी पायरी: माहीत असलेला आकडा आधी काढून पाहा

नवा शोध घेण्यापूर्वी जुना आकडा मिळतो का ते पाहा. कॅनडाचे प्रकाशित क्षेत्रफळ ९९,८४,६७० चौरस किलोमीटर आहे, त्यात सुमारे ८.९ लाख गोडे पाणी आहे. तुमच्या थरातून ९१ लाखांच्या आसपास आले तर सरोवरे वेगळी काढलेली आहेत असे समजा. एक कोटीच्या जवळ आले तर ती आत धरलेली आहेत. मधलाच एखादा आकडा आला तर महासरोवरे कुणाच्या खात्यात गेली ते पाहा. सुपीरियर, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारिओ ही चार सरोवरे दोन्ही देशांत विभागलेली आहेत, मिशिगन तेवढे संपूर्ण अमेरिकेत. एकट्या सुपीरियरचे क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर आहे, त्यामुळे ते कुठे धरले याने राज्याचा आकडा चांगलाच हलतो.

क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये क्षेत्रफळाची दोन सूत्रे आहेत. एक प्रकल्पात निवडलेला लंबगोल धरून मोजते, दुसरे नकाशाच्या सपाट पृष्ठावर. या समक्षेत्र प्रक्षेपणात दोघांतला फरक एका टक्क्याच्या आत असतो, कारण तो फक्त गोल आणि लंबगोल यांच्यातला फरक आहे. तेच मर्केटरमध्ये करून पाहिलेत तर नुनावुतसाठी दोन आकडे कित्येक पटींनी वेगळे येतील. दोन्ही सूत्रे चालवून तुलना करणे ही माझ्या मते सर्वांत स्वस्त तपासणी आहे, आणि ती प्रत्येक नव्या प्रकल्पात करावी.

अंतराची गोष्ट वेगळी. समक्षेत्र म्हणजे समअंतर नव्हे. मध्यबिंदूपाशी अंतर बरोबर असते, दक्षिण मेक्सिकोत मध्याकडे जाणाऱ्या दिशेने ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास आखडते. पन्नास किलोमीटरचा पट्टा काढताना एवढा फरक या प्रमाणावर चालून जातो. हजार-दोन हजार किलोमीटरची अंतरे मात्र लंबगोलावरूनच मोजा.

सहावी पायरी: एक खरा प्रश्न सोडवू

आता सगळे जोडून पाहू. रिओ ग्रांदे नदी कोलोरॅडोतल्या सॅन ह्वान पर्वतांत उगम पावते, न्यू मेक्सिकोतून खाली येते आणि एल पासोपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत दोन देशांची सीमा होते. मेक्सिकोत तिला रिओ ब्राव्हो म्हणतात. चिवावा राज्यातून येणारी कोंचोस ही तिची मोठी उपनदी. प्रश्न असा घेऊ: या खोऱ्याचा किती भाग कोणत्या देशात आहे आणि दोन्हीकडे जमिनीवर काय आहे?

पाणलोट क्षेत्रांच्या थरातून हे खोरे निवडून वेगळे जतन करा. मग राजकीय थराशी ‘इंटरसेक्शन’ करा, म्हणजे दोन्ही थर एकमेकांवर ठेवून सामाईक तुकडे काढा. त्याआधी दोन्ही थरांवर ‘फिक्स जॉमेट्रीज’ चालवायला विसरू नका, एखादा स्वतःलाच छेदणारा बहुभुज सगळी प्रक्रिया अडवतो. निकालात प्रत्येक राज्याचा खोऱ्यातला वाटा येईल.

इथे एकसमान डेटाची किंमत कळते. सीमा एका संचातून आणि नदी दुसऱ्या संचातून घेतली असती, तर एल पासोच्या खाली दोन्ही रेषा एकमेकींना वारंवार ओलांडत गेल्या असत्या. त्यांच्यामध्ये शेकडो चिंचोळ्या चिरफळ्या तयार झाल्या असत्या, काही उगाचच टेक्ससच्या नावावर, काही तामाउलिपासच्या. एकाच संचातले थर घेतले की नदी आणि सीमा एकच वाट धरतात. तरी निकालाचा तक्ता क्षेत्रफळानुसार चढत्या क्रमाने लावा आणि वरच्या ओळी पाहा. दोन-चार चौरस किलोमीटरचे तुकडे दिसले तर ते भूगोलाचे आहेत की नुसत्या चिरफळ्या, हे नकाशावर जाऊन एकेक तपासा.

पुढे भूआच्छादन. तिन्ही देशांनी मिळून केलेल्या या नकाशात १९ वर्ग आहेत. २००५ ची आवृत्ती २५० मीटरच्या पिक्सेलची, २०१०, २०१५ आणि २०२० साठी ३० मीटरची. ३० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे ९०० चौरस मीटर. ‘झोनल हिस्टोग्राम’ या साधनाला खोऱ्याचे तुकडे आणि भूआच्छादनाचा रास्टर (पिक्सेलच्या चौकटींचा थर) दिलात की प्रत्येक तुकड्यात कोणत्या वर्गाचे किती पिक्सेल आहेत ते मिळते. पिक्सेलची संख्या गुणिले ९००, भागिले दहा लाख, म्हणजे चौरस किलोमीटर. संपूर्ण खंडाचा ३० मीटरचा रास्टर जड असतो, म्हणून आधी खोऱ्यापुरता कापून घ्या.

रास्टरचे प्रक्षेपण बदलावे लागले तर पुनर्नमुन्याची पद्धत, म्हणजे नव्या पिक्सेलला किंमत देण्याची रीत, ‘निअरेस्ट नेबर’ (सर्वांत जवळच्या पिक्सेलची किंमत) ठेवा, दुसरी कुठलीही नाही. वर्गांचे आकडे ही नावे आहेत, प्रमाण नव्हे. १ म्हणजे समशीतोष्ण सूचिपर्णी वन, १७ म्हणजे शहरी भाग. ‘बायलिनियर’ या पद्धतीने शेजारच्या पिक्सेलच्या आकड्यांची सरासरी काढली की ९ येतात, आणि ९ हा उष्ण कटिबंधीय गवताळ प्रदेशाचा क्रमांक आहे. मग कॅनडातल्या एखाद्या शहराच्या कडेने, सूचिपर्णी अरण्याच्या सीमेवर, उष्ण प्रदेशातले गवत उगवलेले दिसते. आकडे तर्कसंगत वाटतात, बेरीजही बरोबर येते, म्हणूनच ही चूक धोकादायक आहे.

आणखी एक मोह टाळा. २००५ चा २५० मीटरचा नकाशा आणि २०२० चा ३० मीटरचा नकाशा एकमेकांतून वजा करून ‘पंधरा वर्षांत इतके जंगल गेले’ असे लिहू नका. २५० मीटरच्या एका पिक्सेलमध्ये ६.२५ हेक्टर जमीन मावते आणि तिला एकच वर्ग मिळतो, त्यात झाडांची रांग, शेत आणि वाडी असे सगळे असले तरी. बदल पाहायचा असेल तर सारख्या पिक्सेलच्या आवृत्त्या घ्या.

आणि निकाल किती बारकाईने सांगायचा? ३० मीटरचा रास्टर असला तरी खोऱ्याची आणि देशाची कड एकास एक कोटीच्या थरातून आलेली असेल, तर उत्तर त्या कडेइतकेच भक्कम. अशा वेळी टक्केवारी पूर्णांकात द्या. दशांशचिन्हापुढचे तीन अंक सॉफ्टवेअर देते म्हणून छापणे म्हणजे वाचकाला खोटी खात्री देणे आहे.

नकाशा मांडताना

समुद्रतळाची खोली फिकट निळ्या छटांत सर्वांत खाली, त्यावर जमीन, मग सरोवरे, नद्या, सीमा, शेवटी वस्त्या. सरोवरे जमिनीच्या रंगाच्या वर आली पाहिजेत, नाहीतर महासरोवरे रंगवलेल्या राज्यांखाली गडप होतात. वस्त्या सगळ्या दाखवू नका. लोकसंख्येनुसार गाळा, आणि गाळताना राजधान्या वेगळ्या राखा, कारण नुनावुतच्या इकालुइटसारखी राजधानी लोकसंख्येच्या चाळणीत सहज गळते.

प्रमाणपट्टीऐवजी अक्षांश-रेखांशांची विरळ जाळी द्यावी असे मला वाटते. खंडभर एकच प्रमाणपट्टी खरी नसते आणि वाचक मात्र ती सगळीकडे लावून पाहतो. वाकलेली जाळी पाहिली की हा सपाट कागद गोल पृथ्वीवरून आला आहे हे त्याला न सांगता समजते. उत्तर दिशेचा बाणही याच कारणाने नको. अलास्कात आणि न्यूफाउंडलंडमध्ये उत्तर वेगवेगळ्या दिशांना असते.

नकाशाच्या तळाशी लहान अक्षरांत चार गोष्टी लिहा: थर कोणत्या संस्थांचे, कोणत्या सालचे, मूळ प्रमाण काय, प्रक्षेपण कोणते. श्रेय देताना तिन्ही देशांच्या संस्थांचा उल्लेख करा.

आणि तुमचा प्रश्न खंडाचा राहिला नाही, एखाद्या काउंटीचा, एखाद्या धरणाचा किंवा एका शहराच्या पुराचा झाला, तर हे थर बाजूला ठेवा आणि त्या त्या देशाच्या मोठ्या प्रमाणाच्या डेटाकडे जा. अमेरिकेसाठी यूएस जिऑलॉजिकल सर्व्हेचे, कॅनडासाठी नॅचरल रिसोर्सेस कॅनडाचे आणि मेक्सिकोसाठी इनेहीचे तपशीलवार नकाशे खुले आहेत. तिथे मात्र सीमेपाशी जोडणी तुम्हालाच करावी लागेल.